‘आम्हाला शिकवू द्या’ असं गुरुजी का म्हणतात?

शिक्षकांचा मोर्चा निघाला की त्याच संध्याकाळी पारावर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर एक प्रश्न हमखास येतो. सातवा वेतन आयोग आहे, दिवाळीची सुट्टी आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, मग यांचं दुखणं काय? प्रश्न रास्त आहे. पगार आणि पेन्शनच्या मागण्या सगळ्यांना कळतात. पण गेल्या काही वर्षांत मोर्चात आणखी एक घोषणा ऐकू येते: ‘आम्हाला शिकवू द्या.’ ज्या कामासाठी सरकारने नेमलं, तेच काम करू द्या, अशी मागणी नोकरदार सहसा करत नाहीत. शिक्षकांवर ती वेळ कशामुळे आली, ते समजून घ्यायचं तर शाळेचा कारभार थोडा आतून पाहावा लागतो.

मी मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांबद्दल लिहितोय. माझी थोरली बहीण अशाच एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोज जेवणाच्या ताटावर असतो. खासगी शाळांचं चित्र बरंच वेगळं आहे, त्याबद्दल पुढे थोडंसं.

सुरुवात करावी लागते ती ‘पट’ या शब्दापासून. शाळेत किती मुलं आहेत तो पट. किती शिक्षक मिळणार हे पटावरून ठरतं आणि त्या हिशेबाला संचमान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. कागदावर हे तीस मुलांमागे एक शिक्षक असं छान दिसतं. आता वाडीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. पट ४०, वर्ग चार. तक्त्याप्रमाणे शिक्षक दोन, म्हणजे वीस मुलांमागे एक. शहरातल्या कुठल्याही शाळेला हेवा वाटावा असं प्रमाण! पण ती वीस मुलं एका वर्गातली नाहीत. दहा पहिलीतली, दहा दुसरीतली. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला हात धरावा लागतो आणि दुसरीचा मुलगा हातच्याच्या बेरजेवर अडलेला असतो.

हाच कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे. एक शिक्षक दोन वर्ग सांभाळत असेल तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला त्याचे ४०० तास येतात. उरलेल्या वेळात मुलं लिहीत बसतात, एकमेकांना विचारतात, कधी नुसती खिडकीबाहेर बघतात. चांगला शिक्षक यातूनही वाट काढतो. बहुवर्ग अध्यापनाच्या पद्धती आहेत, गटकार्य आहे, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणं आहे. पण ज्या दिवशी दोघांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर जातो, त्या दिवशी चारही वर्ग एकाकडे येतात. देशात एकशिक्षकी शाळा अजूनही एक लाखाहून जास्त आहेत, हे केंद्राच्याच २०२४-२५ च्या यू-डायस, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीच्या, अहवालातलं आहे. त्याच अहवालात देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदा एक कोटीच्या पुढे गेल्याचंही आहे. शिक्षक वाढले, तरी वाडीवरच्या शाळेत एकच राहिला.

संचमान्यता दरवर्षी होते. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि ज्या मुलाचं आधार जुळतं तेच मूल मोजलं जातं. मूल समोर बाकावर बसलेलं आहे, पण आधारवर नावाची वेलांटी वेगळी आहे किंवा जन्मतारीख जुळत नाही, की ते मोजणीत नाही. मग गुरुजी पालकांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्राच्या रांगेत. एखादं कुटुंब गाव सोडून गेलं, समोर नवी इंग्रजी शाळा उघडून तिची पिवळी बस वाडीपर्यंत यायला लागली, की पट उतरतो. पद जातं, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या गावी जातो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने या निकषांत बदल झाले आणि छोट्या शाळांची पदं त्यात धोक्यात येतात म्हणून संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. म्हणून एप्रिल-मे महिन्यात गुरुजी-बाई दारोदार फिरून ‘पोरगं आमच्याकडे घाला’ म्हणताना दिसतात. स्वतःचं पद वाचवायला फिरतात असं लोक म्हणतात. तेही आहेच. पण पद गेलं की मागे राहिलेल्या मुलांचे तास निम्मे होतात, हेही तितकंच खरं आहे.

आता वेळेचा हिशेब. कायद्यात शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा धरला आहे. याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. अपवाद तीनच, दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुका. वाचताना वाटतं की हे अपवाद कधीतरीचे आहेत. प्रत्यक्षात निवडणूक म्हणजे मतदानाचा एक दिवस नव्हे. मतदार यादीचं काम वर्षभर चालतं आणि त्यासाठी नेमलेल्या बीएलओंमध्ये, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांमध्ये, शिक्षक मोठ्या संख्येने असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं होतं की यादीचं हे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं. पण घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, दुरुस्त्या करायच्या, अॅपवर चढवायचं आणि तहसीलच्या बैठकीला हजर राहायचं, हे सगळं रविवारात बसत नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणारी जनगणना मोबाइल अॅपवर होणार आहे आणि तिथेही प्रगणक म्हणून मोठा भार शिक्षकांवरच येणार.

याहून जास्त वेळ खातं ते ‘शैक्षणिक’ या नावाखाली येणारं काम, कारण त्याला कायद्याचा बांध लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला. हेतू चांगला होता. पण माहिती भरणं हे शैक्षणिक काम धरलं की दिवसभर माहिती भरणारा शिक्षकही कागदोपत्री शिकवतच असतो. स्टुडंट पोर्टल, यू-डायस, अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, नवसाक्षरांचं सर्वेक्षण, उपक्रमांचे फोटो, त्या फोटोंच्या लिंका. वृक्षारोपण केलं तर झाडासकट फोटो, प्रतिज्ञा घेतली तर हात पुढे केलेला फोटो. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, गटावर साडेअकराला संदेश येतो, ‘बारापर्यंत माहिती सादर करावी’. बहुतेक प्राथमिक शाळांत लिपिक नसतो, शिपाई नसतो. ताईच्या शाळेत नेटवर्क येतं ते पाण्याच्या टाकीपाशी. बारा वाजायच्या आत माहिती पाठवायची तर वर्गाला काहीतरी लिहायला देऊन टाकीपाशी जावं लागतं. ती वीस मिनिटं कुठल्याही अहवालात दिसत नाहीत.

पोषण आहाराचं एक उदाहरण जवळून बघा. योजना फार मोलाची आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम, असं तिचं प्रमाण आहे. कितीतरी मुलं त्या ताटासाठीच शाळेत येतात. शिजवायला स्वयंपाकी ताई असतात. पण तांदळाचे कट्टे मोजून उतरवून घेणं, साठा नोंदवही, रोज खाणाऱ्यांची संख्या, चव घेऊन रजिस्टरला शेरा लिहिणं, डाळ-तेल संपलं तर उसनवारी करून दुपार निभावणं, हे मुख्याध्यापकाकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचा निर्णय झाला. मुलं हरखली. पण तेव्हा पैसे ठरलेल्या दराने यायचे आणि थंडीत अंड्याचा बाजारभाव चढायचा, मग वरचा फरक कुठून घालायचा हा प्रश्न शाळेत येऊन पडायचा. दुकानात अंडी मोजणारा मुख्याध्यापक, त्याच दोन शिक्षकांतला एक होता, हे विसरू नका.

एवढं करून जबाबदारी मात्र निकालाची. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. याच्याशी कुणाचा वाद असायचं कारण नाही. मुलांना वाचता-मोजता येतं का हे गावोगाव तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा झाली, आणि ती वर्गात झाली, शिक्षकांच्या हातून झाली. पण तिसरीतल्या चारातल्या तीन मुलांना अजून दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही बाब शिक्षकांनीही ‘आम्हाला वेळ मिळत नाही’ एवढ्यावर सोडता येणार नाही. काही शिक्षक वेळ मिळूनही शिकवत नाहीत, हे गावाला माहीत असतं आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर जास्तच माहीत असतं. माझं म्हणणं इतकंच की आजच्या व्यवस्थेत वेळ न मिळणारा शिक्षक आणि वेळ मिळूनही न शिकवणारा शिक्षक यांना वेगळं ओळखायची सोय नाही. ज्याची माहिती वेळेत पोचते तो चांगला शिक्षक ठरतो. जो मुलांसमोर बसून राहतो त्याला कारणे दाखवा नोटीस येते.

अविश्वासाची ही हवा शिक्षकांना कामाहून जास्त टोचते. वर्गात ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे फोटो लावायचा आदेश २०२२ मध्ये आला, तो कोण शिकवतं हे मुलांना कळावं म्हणून नव्हता. बदली माणूस उभा करू नये म्हणून होता. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहण्याचा दाखला, त्यावर ग्रामसभेचा ठराव, हेही त्यातलंच. काहींनी गैरफायदा घेतला म्हणून नियम आले, हे मान्य. पण रोज पाड्यावर वेळेत पोचणाऱ्या बाईंनाही वर्षातून कितीदा आपण प्रामाणिक असल्याचा कागद जोडावा लागतो, याचा विचार कुणी करत नाही.

त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, २०१० नंतर नव्या शिक्षकांसाठी बंधनकारक झाली होती. या निकालाने ती आधीच सेवेत असलेल्यांनाही लागू केली. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. सेवेचे लाभ मिळतील. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असेल त्यांना निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण परीक्षेशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. परीक्षा १५० गुणांची, खुल्या गटाला ६० टक्के गुण लागतात. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण.

कुणी म्हणेल, शिक्षकाला परीक्षेची भीती कशाला? न्यायालयाचा मुद्दा मुलांच्या बाजूचा आहे आणि तो हलका नाही. मूल कुठल्याही शाळेत गेलं तरी त्याला पात्र शिक्षक मिळाला पाहिजे. पण पंचेचाळीस-पन्नाशीतला शिक्षक, ज्याच्या हाताखालून गेलेली मुलं डॉक्टर झाली, तलाठी झाली, फौजदार झाली, त्याला आता वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या अडीच तासांवर आपली नोकरी टांगलेली दिसते. ताईच्या केंद्रातल्या बाई रात्री भाकरी उरकून मुलीच्या शेजारी अभ्यासाला बसतात. मुलगी बारावीची, आई टीईटीची. वीस वर्षं शिकवलेलं या परीक्षेत कुठेच धरलं जात नाही, हे मला योग्य वाटत नाही. परीक्षा घ्या, पण सोबत वर्गात येऊन माणूस शिकवतो कसा हेही बघा.

पैशांचं गणित लोकांना वाटतं तितकं सरळ नाही. नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. ही योजना २००० सालापासून आहे. मानधन कितीतरी वर्षं महिना ६,००० रुपयांवर अडकलं होतं, १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झालं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते, मूळ पगार २९,२०० पासून आणि वर भत्ते. ग्रामीण महाराष्ट्रात हा पगार चांगलाच म्हणावा लागेल, आणि शिक्षकांनी तो नाकारू नये. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना मात्र जुनी पेन्शन मिळाली नाही. मार्च २०२३ चा राज्यव्यापी संप त्यावरच होता. आणि याच महाराष्ट्रात विनाअनुदानित शाळांमधले असे हजारो शिक्षक आहेत, ज्यांची उमेदीची वर्षं २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के अशा अनुदानाच्या टप्प्यांची वाट बघण्यात गेली. लग्नं लांबली, काहींनी सकाळी शाळा आणि दुपारी शेतमजुरी केली. छोट्या खासगी इंग्रजी शाळांत तर पगाराची स्लिप आणि हातात येणारी रक्कम यांचा मेळ नसणं नेहमीचं आहे. तिथे दबाव पालकांचा: गृहपाठ का नाही, दोन गुण का कापले, रात्री दहाला मेसेजला उत्तर का नाही.

मग लोक या पेशात टिकतात कशासाठी?

ताईला मी हे विचारलं होतं. तिने पगाराबद्दल काही सांगितलं नाही. एका मुलाबद्दल सांगितलं. दुसरीत आला तेव्हा अक्षरं ओळखायचा, पण शब्द जुळायचा नाही. ‘घ’, ‘र’ वेगवेगळं वाचून थांबायचा. रोज मधल्या सुट्टीत तिने त्याला शेजारी घेतलं. ठोकळे, मग पाटी, मग त्याच्याच घरातल्या वस्तूंची नावं. दिवाळीनंतर एकदा सहलीच्या गाडीत तो खिडकीतून बाहेरच्या पाट्या वाचत सुटला. किराणा, खत, पंक्चर, रसवंती. चुकत, अडखळत, पण थांबेना. सगळी गाडी वैतागली आणि ताई मात्र शेवटपर्यंत ऐकत बसली. वाचता येणं ही एकदा आली की न जाणारी गोष्ट आहे आणि ती कुणामुळे आली हे शिक्षकाला पक्कं ठाऊक असतं. असा पुरावा डोळ्यांनी बघायला मिळणारे पेशे फार थोडे.

हे प्रत्येक भागात वेगळ्या रूपात दिसतं. बीडकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात तेव्हा शिक्षक वस्तीवर जाऊन आजी-आजोबांची मनधरणी करतो, ‘पोरीला इथंच ठेवा, हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होते.’ एक मुलगी मागे राहिली तर तिचं वर्ष वाचतं, कधी कधी बालविवाहही टळतो. मेळघाटात, गडचिरोलीत, धडगाव-अक्कलकुव्यात मूल शाळेत येतं ते कोरकू, माडिया, पावरी बोलत. पुस्तक मराठीचं. जो शिक्षक त्या मुलाची बोली शिकतो, त्याच्या वर्गात मुलं बोलायला लागतात. त्यासाठी कुठला भत्ता नाही, पण पाड्यावर कुणाच्याही घरी त्याला जेवायला बसवल्याशिवाय सोडत नाहीत.

आणि कधी कधी एका शिक्षकाचं काम दूरवर पोचतं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी फरशीवर खडूने आखून, खडे-काड्या-मणी घेऊन मुलांना स्वतः शिकायला लावलं, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक बसगाड्या करून गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं काम त्यांनी याच छोट्या शाळेतून सुरू केलं होतं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुरस्कार एकाला मिळाला, पण कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना ओट्यावर, मंदिराच्या आवारात, गावच्या भोंग्यावरून वर्ग चालवणारे कितीतरी शिक्षक होते, आणि त्यातलेच काही आदल्या आठवड्यात तपासणी नाक्यावर उभे होते.

हे समाधान मिळतं ते मुलांसमोर बसलेल्या तासांतच. वर सांगितलेलं बाकीचं सगळं त्या तासांतून कापून घेतलं जातं. म्हणून घोषणा ‘काम कमी करा’ अशी नसून ‘शिकवू द्या’ अशी आहे.

यात पालकांच्या हातात एक गोष्ट आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. आपल्याकडे ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे, किंवा बैठकीत चर्चा रंगते ती संरक्षक भिंत आणि रंगरंगोटीची. पण कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत समितीच्या कामांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे: कलम २७ मधली कामं सोडून शिक्षकांवर अन्य अशैक्षणिक कामाचा भार पडत नाही ना, यावर लक्ष ठेवणं. तेव्हा पुढच्या बैठकीत इतिवृत्तावर सही करण्याआधी विचारा, गेल्या महिन्यात आपले गुरुजी आणि बाई किती दिवस वर्गाबाहेर होत्या, कुणाच्या आदेशाने, आणि त्या दिवशी पहिली-दुसरीला कोण होतं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिक्षकाने तक्रार केली तर ते रडगाणं ठरतं. पालकांच्या समितीचा ठराव मात्र दप्तरी नोंदवून घ्यावा लागतो.